शेतीपंपाची वीज मोफत असो वा विकत, ती अश्वशक्तीवर नव्हे, युनिटांत मोजली जावी

माळरान (धागाकर्ता)

आमच्या डीपीवर (रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर) चौदा मोटरी आहेत. पौष महिन्यात मी त्यांपैकी दोन मोटरींच्या केबलला टोंग टेस्टर (तार न कापता प्रवाह मोजणारा चिमटा) लावून पाहिला. एक मोटर माझी आणि दुसरी बांधाला बांध असलेल्या चुलतभावाची. दोन्हींच्या नेमप्लेटवर पाच अश्वशक्ती असे लिहिलेले आहे आणि वीज कंपनीच्या दप्तरातही दोन्हींची नोंद तशीच आहे. त्या दिवशी दुपारी फेज-टू-फेज, म्हणजे दोन तारांमधले, व्होल्टेज ३२० भरले, म्हणजे ४१५ च्या जागी जवळजवळ शंभराने कमी. माझी मोटर १०.५ अँपियर घेत होती आणि चुलतभावाची, जी दोनदा रिवाइंड झालेली, म्हणजे जळाल्यावर आतली तार नव्याने भरून आणलेली आहे, ती १४ अँपियर घेत होती. पॉवर फॅक्टर (प्रवाहातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) ०.८ धरला, तर माझी मोटर ४.६६ किलोवॉट ओढते आणि त्याची ६.२ किलोवॉट. आठ तास पंप चालला की माझे ३७ युनिट होतात आणि त्याचे जवळजवळ ५०. कागदावर मात्र आम्ही दोघे अगदी सारखे आहोत, कारण आम्हा दोघांनाही मीटर नाही.

या धाग्यात मला एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. अश्वशक्ती हे मोटरच्या ताकदीचे माप आहे, वापरलेल्या विजेचे नव्हे. घागर केवढी आहे यावरून दिवसभरात किती पाणी भरले हे जसे सांगता येत नाही, तसेच पाचाची मोटर आहे यावरून किती वीज जळली हे सांगता येत नाही. पंप किती तास चालला, विहिरीला पाणी किती होते, व्होल्टेज किती आले, मोटर किती वेळा भरून आणली, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शिवाय नेमप्लेटवरचा आकडा मोटरच्या दांड्यावर मिळणाऱ्या ताकदीचा असतो, तारेतून आत जाणाऱ्या विजेचा नसतो. पाच अश्वशक्ती म्हणजे दांड्यावर ३.७३ किलोवॉट, आणि मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर आत ४.६६ किलोवॉट जावे लागतात. हा पाव हिश्श्याचा फरक हिशेबात धरला की सोडला, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर राहते.

इथे पैशांचा प्रश्न वेगळा काढून ठेवावा अशी माझी विनंती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. ती द्यावी की देऊ नये, हा या धाग्याचा विषय नाही. माझे म्हणणे असे आहे की मोफत द्यायची असली तरी मोजून द्यावी, कारण जे मोजले जात नाही त्याचा अंदाज कोणीतरी दुसरा करतो आणि त्या अंदाजाचे ओझे आपल्या नावावर चढते. राज्यातली बिनमीटर पंपांची वीज ही अश्वशक्ती गुणिले तास अशा हिशेबाने काढली जाते. गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत अश्वशक्तीमागे वर्षाला १,३१८ तासांपेक्षा जास्त वापराचे विभाग आणि कमी वापराचे विभाग अशी वर्गवारीच केलेली दिसते. पाचाच्या मोटरीला १,३१८ तास लावले, तर दांड्यावरच्या हिशेबाने ४,९१६ युनिट होतात आणि आत जाणाऱ्या विजेच्या हिशेबाने सुमारे ६,१४०. एकाच पंपाच्या या दोन आकड्यांत १,२०० युनिटांहून अधिक अंतर आहे, आणि यांतले खरे काय हे सांगायला रानात एकही यंत्र नाही. मीटर असता तर तोच शेतकऱ्याचा पुरावा झाला असता. तारेत गळलेली वीज, आकडा टाकून नेलेली वीज आणि पंपाने खरोखर वापरलेली वीज अशा ढिगात एकत्र पडली की त्यांना वेगळे करता येत नाही, आणि मग शेतकरी वीज उधळतो असे शहरातला माणूस सहज बोलून जातो.

आता मोजले तर काय दिसते, तेही सांगतो. आमच्या विहिरीचे पाणी मुखापासून साधारण वीस मीटरवर आहे. दोनशे लिटरचे पिंप नळीखाली धरले, तर ते २१ सेकंदांत भरते. म्हणजे तासाला सुमारे ३४,००० लिटर, आणि एका युनिटला सुमारे ७,३५० लिटर पाणी. एक एकर रानाला पाच सेंटिमीटर पाण्याची पाळी द्यायची, तर दोन लाख लिटर लागतात, म्हणजे सहा तास आणि साडेसत्तावीस युनिट. एवढे कळल्यावर मला माझ्या गव्हाची पाळी पहिल्यांदा आकड्यांत दिसली. रात्री बाराला उठून, बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने दारे धरणाऱ्या माणसाला आपल्या कष्टाचा हा हिशेब ठाऊक असण्याचा हक्क आहे असे मला मनापासून वाटते.

केळीबाग

भाऊ, तुमचे गणित चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण तुम्हाला मीटर नाही म्हणून मीटर गोड वाटतो. माझ्याकडे जळगाव जिल्ह्यात अकरा वर्षे मीटर होता, त्याचा अनुभव ऐका. खांबावरच्या पत्र्याच्या पेटीत तो बसवला. दुसऱ्या पावसाळ्यात वीज पडली आणि तो जळाला. मी अर्ज दिला, त्याची पोच आजही माझ्याकडे आहे. त्यानंतर बिल मात्र थांबले नाही. जळालेल्या मीटरचे रीडिंग दर तिमाहीला वाढत होते आणि बिलावर "सरासरी" एवढा एकच शब्द छापून येत होता. रीडिंग घ्यायला माणूस कधी बांधावर आलेला मी पाहिला नाही. ज्या वर्षी विहीर फेब्रुवारीतच आटली आणि मी बाग मोडली, त्या वर्षीही उन्हाळ्याचे बिल आदल्या वर्षीइतकेच आले. थकबाकी फुगली आणि एक दिवस संपूर्ण डीपीच बंद केला गेला. त्यात ज्यांनी पैसे भरले होते त्यांचीही केळी वाळली.

अश्वशक्तीच्या बिलात निदान आकडा ठरलेला असतो. पाचाची मोटर, पाचाचे पैसे, त्यात कोणाला मनाने भर घालता येत नाही. मीटर हा शेतकऱ्याचा पुरावा होईल असे तुम्ही म्हणता. पण ज्याचे रीडिंग दुसऱ्याच्या हातात आहे, तो पुरावा माझा कसा?

माळरान

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो बाजूला सारणार नाही. जळालेल्या मीटरवर सरासरीने बिल लावणे हे मोजणे नव्हेच. तो पुन्हा अंदाजच आहे, फक्त त्याला मीटरचे नाव दिलेले आहे. म्हणून माझी मागणी मी अधिक नेमकी करतो. वाचणारा नसेल तर मीटर असून नसल्यासारखा आहे, आणि ते रीडिंग शेतकऱ्याला स्वतः पाहता आले पाहिजे, लिहिता आले पाहिजे आणि त्याच्याशी बिल ताडून पाहता आले पाहिजे. मात्र ठरलेला आकडा सुरक्षित असतो, हे मला पटत नाही. नोंदीत तीनाची मोटर पाचाची करून टाकली, तर ती तीनाची आहे हे आपण कशावरून सिद्ध करणार? नेमप्लेट तर दुसऱ्या रिवाइंडिंगच्या वेळीच गळून पडलेली असते.

सनद

मी वीज ग्राहकांची प्रकरणे चालवते, म्हणून या चर्चेतली कायद्याची बाजू मांडते. विद्युत कायदा २००३ हा १० जून २००३ रोजी लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, नेमलेल्या दिवसापासून दोन वर्षे संपल्यावर कोणत्याही परवानाधारकाने अचूक मीटरखेरीज वीज पुरवू नये असे बंधन आहे. ही दोन वर्षे २००५ सालीच संपली. कलमाच्या परंतुकाने राज्य आयोगाला विशिष्ट वर्गासाठी किंवा क्षेत्रासाठी मुदत वाढवण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि शेतीपंपांच्या बाबतीत बिनमीटर पुरवठा इतकी वर्षे चालू राहिला आहे. मूळ कलमात "अचूक" हा शब्द आहे, याकडे मी केळीबाग यांचे लक्ष वेधते. जळालेला मीटर खांबावर ठेवून बिल काढणे हे त्या कलमाचे पालन नव्हे, ते त्याचे उल्लंघनच आहे.

मोफत विजेला कायद्याची आडकाठी नाही. कलम ६५ सांगते की राज्य शासनाला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल, तर त्यामुळे वितरण कंपनीला येणारी तूट शासनाने आगाऊ भरली पाहिजे, आणि तसे पैसे आले नाहीत तर सवलतीचा तो आदेश अमलात येत नाही. आता विचार करा, किती युनिटांचे पैसे आगाऊ भरायचे हे मोजल्याशिवाय ठरवायचे कसे? अंदाज जास्त धरला तर राज्याच्या तिजोरीतून जास्त पैसे जातात, कमी धरला तर त्याचा भार इतर ग्राहकांच्या दरावर येतो. म्हणून धागाकर्त्यांचे म्हणणे मला कायद्याच्या अंगानेही योग्य वाटते.

केळीबाग यांच्यासारख्या प्रसंगात आणखी दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी कलम ५६ प्रमाणे किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती त्या थकबाकीदाराला द्यावी लागते. ज्याने बिल भरले आहे त्याचा पुरवठा शेजाऱ्याच्या थकबाकीसाठी बंद करण्याचा अधिकार या कलमात कुठेही दिलेला नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे दोन वर्षांहून जुनी रक्कम वसूल करता येत नाही, मात्र ती थकबाकी म्हणून सतत दाखवली गेली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक चुकीच्या बिलावर लेखी हरकत घेणे आवश्यक आहे. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल हे दोन्ही मार्ग शेतकऱ्यालाही खुले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत ग्राहकाकडे स्वतः लिहून ठेवलेले एकही रीडिंग नसते, आणि मग समोरच्याचा आकडा खोडायला हातात काही उरत नाही.

गणिती

दोन शंका आहेत. पहिली, अश्वशक्ती म्हणजे नेमकी कोणती? वॅटने ठरवलेली, मिनिटाला ३३,००० फूट-पौंडांची अश्वशक्ती ७४५.७ वॉट भरते, तर मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलण्याची ताकद, ७३५.५ वॉट भरते. वैध मापनशास्त्र कायदा २००९ च्या कलम ४ नुसार देशातली मापे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीवर आधारलेली मेट्रिक मापे असली पाहिजेत. त्या पद्धतीत शक्तीचे एकक वॉट आहे. मग शासनाच्या योजना आणि दरपत्रके अश्वशक्तीत का लिहिली जातात? दुसरी शंका, तुम्ही ज्या युनिटाचा आग्रह धरता तो किलोवॉट-तासही त्या पद्धतीचे मूळ एकक नाही. ऊर्जेचे एकक ज्यूल आहे.

माळरान

दोन अश्वशक्तींत फरक आहे तो १.४ टक्क्यांचा. साडेसातच्या मर्यादेवर तो ७७ वॉट होतो, आणि बाजारात ५.५ किलोवॉटची मोटरच साडेसातची म्हणून मिळते, त्यामुळे त्यावरून रानात भांडण होत नाही. माझ्या आणि चुलतभावाच्या मोटरीतला फरक तेहतीस टक्क्यांचा आहे, म्हणून मी जीव तिथे ओततो. किलोवॉट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्याचे रूपांतर निश्चित आहे आणि त्यात कोणाच्या मर्जीचा भाग नाही. बिल ज्यूलमध्ये आले तरी माझी हरकत नाही. शेतकरी एकर-गुंठे आणि हेक्टर-आर दोन्ही बोलतो, सातबारा वाचतो, त्याला एकके जड जात नाहीत. माझी हरकत एककाच्या नावाला नाही. ऊर्जेच्या जागी शक्ती मोजली जाते, याला आहे.

तारमार्ग

मी तीस वर्षांहून अधिक काळ लाइनवर काम केले, आता निवृत्त आहे. दर पंपाला मीटर ही कल्पना कागदावर चांगली आहे, परंतु दीड-दोन किलोमीटर चिखलातून दर मोटरीपर्यंत जाऊन रीडिंग घेणे एका वायरमनला शक्य होत नाही हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच्याकडे तीन-चार गावे असतात आणि पावसाळ्यात तो फ्यूज बांधण्यातच संपतो. यावर मार्ग आहे. फीडरला, म्हणजे अनेक डीपींना वीज नेणाऱ्या मुख्य तारेला, उपकेंद्रात मीटर असतोच. त्याखालच्या प्रत्येक डीपीला एक मीटर बसवला, तर फीडरचे एकूण युनिट आणि सर्व डीपींची बेरीज यांतला फरक म्हणजे उच्चदाब तारेतली गळती, ती वेगळी निघते. राहिलेली वीज त्या डीपीवरच्या चौदा-पंधरा मोटरींची. तिथे कोण किती ओढतो हे त्या चौदा जणांना एकमेकांविषयी ठाऊकच असते. नव्या जोडण्यांना उच्चदाब प्रणालीत एक-दोन पंपांपुरता छोटा डीपी दिला जातो, तिथे तर डीपीचा मीटर आणि पंपाचा मीटर एकच झाला.

माळरान यांनी ३२० व्होल्टचा उल्लेख केला, त्याविषयी सांगतो. तुमचा डीपी १०० केव्हीए क्षमतेचा असेल, तर त्याच्या लघुदाब बाजूने १३३ अँपियरपर्यंत प्रवाह देणे अपेक्षित असते. चौदा मोटरी प्रत्येकी साडेदहा अँपियर घेऊ लागल्या, की बेरीज १४७ होते. त्यात रिवाइंड केलेल्या मोटरी १४ घेतात. सगळ्यांनी ऑटो स्विच लावलेला असतो, म्हणून वीज येताच चौदाही मोटरी एका क्षणी सुरू होतात. व्होल्टेज कोसळते, कोसळले की मोटर जास्त प्रवाह ओढते, जास्त प्रवाहाने वाइंडिंग तापते आणि मोटर जळते. जळली की ती पुन्हा भरून आणायची, आणि भरताना तारेची जाडी किंवा वेढे बदलले, की ती आणखी ओढते. वरिष्ठांकडे मोठ्या डीपीची मागणी केली की उत्तर मिळते, नोंदीप्रमाणे भार सत्तर अश्वशक्ती आहे, शंभर केव्हीए पुरेसा आहे. डीपीवर मीटर असता, तर खरा भार तारीखवार दाखवता आला असता. प्रत्येक मोटरीला योग्य कॅपॅसिटर बसवला तरी प्रवाह लक्षणीय उतरतो, ते मात्र आजच करता येण्याजोगे आहे.

हुगळीकाठ

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे बंगालमध्ये आहे. पश्चिम बंगालने २००७ पासून विहीरपंपांना इलेक्ट्रॉनिक मीटर बसवले. त्यांचे रीडिंग दुरून घेता येते आणि दिवस, संध्याकाळ व रात्र यांचे दर वेगळे असतात. त्यामुळे आकड्यावरचे वाद कमी झाले. परंतु एक परिणाम असाही झाला, जो या धाग्यात आलेला नाही. आधी ठरावीक वार्षिक रकमेत कितीही तास पंप चालवता येत असे, म्हणून पंपमालक शेजारच्या लहान शेतकऱ्याला आग्रहाने पाणी विकत असे. जितके विकेल तितके त्याच्या फायद्याचे होते. दर तासाला युनिट पडू लागल्यावर तो आग्रह संपला. पंपमालकाचे भले झाले, पण ज्याच्याकडे स्वतःची विहीर नाही त्याला पाणी महाग पडू लागले. मोजणी आणताना वाट्याने पाणी घेणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा, असे मला कळकळीने वाटते.

माळरान

हा मुद्दा माझ्या विचारात नव्हता, हे मान्य करतो. आमच्याकडेही हिश्श्याने पाणी घेणारे चार जण एकाच विहिरीवर आहेत. वीज मोफत असताना मोजणीमुळे त्यांच्यावर तसा दाब येणार नाही असे मला वाटते, परंतु उद्या दर लागू झाला तर येईल. म्हणून पंजाबने २०१८ मध्ये "पानी बचाओ, पैसे कमाओ" या योजनेत जे केले, ते मला अधिक जवळचे वाटते. तिथे शेतीची वीज मोफतच राहिली. मीटर बसवून प्रत्येक पंपाला ठरावीक युनिट नेमून दिले आणि त्यांपैकी वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे शेतकऱ्याला चार रुपये देण्याचे ठरले. तिथे मीटर हे वसुलीचे नव्हे, कमाईचे साधन होते. असे काही आपल्याकडे आले, तर हिश्शाचे पाणी घेणाऱ्याचे युनिटही त्याच्या नावावर लिहिता येतील.

केळीबाग

सनदताईंनी सांगितलेले कलम मी लिहून घेतले आहे. संपूर्ण डीपी बंद केला तेव्हा आम्हा कोणालाही नोटीस आली नव्हती. तारमार्ग साहेबांचा डीपीवरच्या मीटरचा उपाय मला मान्य आहे, पण एका अटीवर. त्याचा दरमहाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिला गेला पाहिजे, जेणेकरून पुढच्या महिन्यात तो आकडा कोणाला हलवता येणार नाही. माझ्या घरच्या मीटरला मी कधी नाव ठेवले नाही, कारण तो दारातच आहे आणि रोज दिसतो.

तुमचा पिंपाचा प्रयोग मी काल करून पाहिला. माझी तीनाची मोटर आहे. गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडून टोंग टेस्टर मागून आणला. व्होल्टेज ३७० होते, अँपियर ७.२. दोनशे लिटरचे पिंप भरायला ३२ सेकंद लागले. विहिरीत पाणी १८ मीटरवर आहे आणि तिथून पाइप आणखी ४ मीटर चढून टाकीत पडतो. आता यावरून काय ते सांगा.

माळरान

भाऊ, तुमच्याच आकड्यांनी मांडतो. ३७० व्होल्ट आणि ७.२ अँपियर, पॉवर फॅक्टर ०.८ धरून, ३.६९ किलोवॉट वीज आत जाते. तीनाच्या मोटरीला पूर्ण भारावर साधारण २.८ किलोवॉट पुरायला हवेत, म्हणजे तुमची मोटर जवळजवळ चाराच्या हिशेबाने ओढते आहे. बत्तीस सेकंदांत दोनशे लिटर म्हणजे सेकंदाला सव्वासहा लिटर. ते पाणी २२ मीटर उचलायला प्रत्यक्षात १.३५ किलोवॉट लागतात. शंभर युनिटांतले सदतीसच पाण्याला लागले, बाकीचे मोटर, पंप आणि पाइप यांतच गेले. आधी फूटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तळाची झडप) बाहेर काढून त्यात गाळ अडकला आहे का ते पाहा. पाइप अडीच इंची असेल तर त्यात पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने धावते आहे, तीन इंची केला तर तो वेग १.४ वर येईल आणि घर्षण बरेच कमी होईल. बेअरिंग वाजते का, तेही हात लावून नव्हे, कान देऊन ऐका. मग त्याच व्होल्टेजला, त्याच वेळी, तेच पिंप पुन्हा भरून पाहा आणि सेकंद इथे लिहा.